दहा-वीस रुपयांचा जीव

शाळांना सुटी लागली, गावोगावच्या जत्रांना रंग चढला की गर्दीच्या रस्त्याच्या कडेला एक परिचित दृश्य दिसू लागते. खोक्यात किंवा पाटीत गुलाबी, हिरवी, निळी, केशरी अशी शेकडो इवलीशी पिल्ले चिवचिवत असतात. भोवती मुलांचे कोंडाळे असते आणि आईवडील खिशात हात घालीत असतात. दहा-वीस रुपयांत मुलाचा हट्ट पुरतो, घरात हलते-बोलते खेळणे येते. दोन दिवस घर आनंदाने भरून जाते. तिसऱ्या दिवशी पिल्लू मान टाकते आणि घरातील वडीलमाणूस ‘नजर लागली’ किंवा ‘टिकायचेच नव्हते’ अशी समजूत काढून ते गुपचूप बाहेर नेऊन पुरतो.

नाशिकसारख्या शहरात या हौसेला अलीकडे दुसरे एक अंग फुटले आहे. गच्चीवर वा परसात चार कोंबड्या पाळाव्यात, घरचे ताजे अंडे मुलांना मिळावे, असा विचार करणारी सुशिक्षित कुटुंबे वाढत आहेत. हा विचार निंद्य तर नाहीच, उलट स्वागतार्ह आहे. परंतु हट्टापायी आणलेले रंगीत पिल्लू असो की अंड्यांसाठी विचारपूर्वक आणलेले पिल्लू असो, दोन्ही ठिकाणी एक साधी गोष्ट नजरेआड होते. पिल्लू घरी आणणारा माणूस केवळ पक्षी विकत घेत नाही. त्या पक्ष्याच्या आईचे काम तो अंगावर घेतो. हे काम काय आहे हे ठाऊक नसताना ते पत्करणे म्हणजे अज्ञानाने केलेली हिंसाच होय.

नको असलेले नर

ही रंगीत पिल्ले येतात कोठून, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. अंड्यांच्या आणि मांसाच्या धंद्यासाठी कोंबड्यांच्या अगदी वेगवेगळ्या जाती वापरल्या जातात. व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंडी देणाऱ्या जातीचा नर अंडे देत नाही, हे उघडच आहे. पण त्याच्या अंगी मांसही फारसे धरत नाही. त्याला खाऊ घालून वाढविणे व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी निवडून वेगळे केले जातात. माद्या अंड्यांच्या फार्मवर जातात. नरांना त्या हिशेबात जागा नसते. जगभर अशी पिल्ले जन्मल्या दिवशीच मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून या प्रथेवर कायद्याने बंदी घातली आणि अंड्यातच नर-मादी ओळखण्याच्या तंत्राला चालना दिली. आपल्याकडे या नको असलेल्या पिल्लांपैकी काहींना रंगात बुडवून फेरीवाल्यांच्या हाती दिले जाते. म्हणजे ज्या जिवाची धंद्याला किंमत नाही, त्याच्यावर रंग चढवून ती किंमत आपल्या मुलांकडून वसूल करण्यात येते.

खरेदीच्या दिवशी ही पिल्ले टवटवीत का दिसतात, त्याचेही कारण आहे. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक आपल्या पोटात ओढून घेते. त्या शिदोरीवर ते दोन ते तीन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरू शकते. निसर्गाने ही सोय केली ती सारी भावंडे अंड्यातून बाहेर येईपर्यंत आईला घरट्यावर बसून राहता यावे म्हणून. माणसाने तिचा उपयोग पिल्ले दूरदूर पाठविण्यासाठी करून घेतला. बाजारात जी चपळाई दिसते ती त्या शिदोरीची असते. ती संपते नेमकी आपल्या घरी. तिसऱ्या दिवशी पिल्लू जाते ते नजर लागल्याने नव्हे, तर भूक, तहान आणि गारठा या तिन्हींनी एकदम गाठल्याने.

यावर कायदा नाही काय? आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. प्राण्याला अकारण वेदना देणे, क्लेश होतील अशा रीतीने त्याची ने-आण करणे, पुरेसे अन्नपाणी न देणे हे सारे त्यात अपराध म्हणून नमूद आहे. मात्र पहिल्या अपराधाला त्यात सांगितलेला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६० मध्ये या रकमेला काही अर्थ होता. आज ती एक-दोन पिल्लांची किंमत आहे. ज्या कायद्याचा दंड मालाच्या किमतीएवढा, त्या कायद्याला व्यापारी का म्हणून भ्यावे?

खुडूक कोंबडीचे शास्त्र

आता दुसऱ्या, विचारी कुटुंबाकडे वळू. घरी कोंबड्या पाळणे ही काही नवी टूम नव्हे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आपल्याच जिल्ह्यातील तालुक्यांत परसातील कोंबडी हे घरच्या बाईचे हक्काचे धन आहे. पाहुणा आला, पोर आजारी पडले, शाळेची वही हवी झाली की त्या वेळी कोंबडी उपयोगी पडते. पण तेथे पिल्ले बाजारातून येत नाहीत. कोंबडी खुडूक बसते, तिच्याखाली अंडी ठेवली जातात आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. पुढचे सारे शिक्षण आई देते. तिच्या पंखांखाली ऊब असते; एका विशिष्ट आवाजाने ती दाण्याकडे बोलावते, दुसऱ्या आवाजाने घार आल्याची सूचना देते. काय टिपावे, काय टाळावे हे ती उकरून दाखविते. घरची बाई वारुळातली वाळवी आणून टाकते आणि रात्री साऱ्यांना डालग्याखाली झाकते, एवढीच तिची मदत.

यंत्रात उबवलेल्या पिल्लाला ही आई नसते. जन्मल्यावर जे हलताना दिसेल त्यालाच आई मानून त्याच्या मागे धावण्याची पक्ष्यांच्या पिल्लांची वृत्ती शास्त्रज्ञांनी अभ्यासली आहे. या प्रकारच्या संशोधनासाठी प्रसिद्ध झालेले कोनराड लोरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपले मूल अंगणात चालू लागते आणि पिल्लू त्याच्या पायांत पायांत येते, ते या वृत्तीमुळे. मुलाला त्यात मौज वाटते. पिल्लासाठी मात्र तो जगण्याचा प्रश्न असतो. म्हणूनच एकटे पिल्लू कधीही आणू नये. एकट्या पिल्लाचे अखंड ओरडणे हे लडिवाळपणाचे नसून हाकेचे असते. चार-सहा सोबत असली तर ती एकमेकांना ऊब देतात आणि एकमेकांचे पाहून खायला-प्यायला शिकतात.

आईच्या कामातील पहिले कलम म्हणजे ऊब. प्रौढ कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. पिल्लाच्या अंगावर मात्र नुसती लव असते आणि पहिले काही दिवस त्याला स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतालची हवा सुमारे ३५ अंश असावी लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करीत न्यायची. पिसे फुटेपर्यंत, म्हणजे चार-पाच आठवडे, ही चिंता सुटत नाही. नाशिकच्या हिवाळ्याची कीर्ती वेगळी सांगावयास नकोच. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागा वाचविण्यासाठी शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवितात. ज्या थंडीत द्राक्षवेलीलाही ऊब द्यावी लागते, तेथे खोक्यात ठेवलेल्या तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाचे काय होत असेल?

त्यावर उपाय म्हणून लोक खोक्यात दिवा लावतात. परंतु आता घरोघरी एलईडी दिवे आहेत. त्यांचा उजेड पडतो, ऊब मिळत नाही. यासाठी तारेचा जुना पिवळा दिवाच हवा आणि वीज गेली तर काय करावयाचे, याचीही तजवीज हवी. ऊब पुरेशी आहे की नाही हे सांगायला पिल्लांएवढा चांगला तापमापक नाही. सारी दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकू लागली तर उकडते आहे. सगळीकडे पसरून टिपत-झोपत असली तर ठीक आहे. वाऱ्याच्या झोताकडे पाठ करून एकाच बाजूला गोळा झाली तर फटीतून गार वारा येत आहे, हे ओळखावे. विज्ञानाच्या शिक्षकाला निरीक्षणाचा याहून सुंदर धडा शोधूनही सापडणार नाही.

बाकीच्या गोष्टी लहान वाटतात, पण त्यांच्याच अभावी पिल्ले दगावतात. घरी आणताच आधी पाणी द्यावे, मग दाणे. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे टाकावेत, नाहीतर वाटीभर पाण्यातही पिल्लू बुडते. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकून ती अधू होतात. खाली भाताचे तूस पसरावे. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढ होत नाही. पहिले सहा-आठ आठवडे प्रथिनयुक्त पिल्लांचे खाद्य द्यावे लागते. पावसाळ्यात तूस ओले राहिले की रक्ती हगवण लागते. रात्री मांजर, घूस, मुंगूस यांपैकी कोणीतरी फेरी मारतेच. खुराड्याची जाळी बोटही शिरणार नाही इतकी बारीक हवी.

लसीची कुपी आणि सहा पिल्ले

दुसरे कलम रोगांचे. राणीखेत, म्हणजेच खेड्यांतील ‘मानमोडी’, हा कोंबड्यांचा जुना काळ आहे. उत्तराखंडातील राणीखेत येथे भारतात त्याची नोंद झाली म्हणून त्याला हे नाव पडले. तो आला की वस्तीची वस्ती रिकामी होते. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की डोळ्यात वा नाकात लसीचा एक थेंब टाकतात. पुढे गंबोरो आणि देवी यांच्या लसी व राणीखेतचीच पुन्हा मात्रा द्यावी लागते. मॅरेक्सची लस तर उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचलेली असावी लागते. जी पिल्ले रंगवून रस्त्यावर विकावयाची आहेत, त्यांच्या लसीचा खर्च कोण करणार?

परंतु लस देण्याची इच्छा असलेल्या कुटुंबाचीही कोंडी होते. लसीची कुपी शेकडो पक्ष्यांच्या हिशेबाने भरलेली असते. ती शीतपेटीतून आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा पिल्ले पाळणाऱ्याने शंभर मात्रांची कुपी घेऊन करावयाचे काय? परिणामी तो लस देतच नाही. घरगुती कोंबडीपालन बिघडते ते बहुधा येथेच. दोष ना त्या कुटुंबाचा, ना कुपी भरणाऱ्याचा. दोष आहे या दोघांना जोडणारा दुवा नसण्याचा.

हिशेबाची दुसरी बाजू

घरचे अंडे स्वस्त पडते, असा समज आहे. कारकुनी हिशेब मांडून पाहू. अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. चार कोंबड्यांना वर्षाला सुमारे १६० किलो लागेल. वनराजा, गिरिराजा यांसारख्या परसासाठी तयार केलेल्या सुधारित जातींपासून वर्षाला दीडशे अंडी धरली, तर चार कोंबड्यांची सहाशे होतात. एका अंड्यामागे सुमारे २७० ग्रॅम खाद्य पडले. मोठ्या फार्मवरील कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. तेथे हाच आकडा दीडशे ग्रॅमच्या आत राहतो. शिवाय पहिले अंडे मिळेपर्यंत पाच महिने नुसते खाऊ घालावयाचे. खेड्यातली कोंबडी उकिरडा, शेत, अंगण उकरून आपले पोट भरते, म्हणून तिचे अंडे खरोखर स्वस्त. शहरातल्या कोंबडीला सारे विकत घालावे लागते. स्वयंपाकघरातील उरलेसुरले, भाजीचे देठ यांनी थोडी बचत होईल. पण पैसा वाचविण्यासाठी म्हणून कोणी पिल्ले आणणार असेल तर त्याने वाण्याकडून अंडी घ्यावीत, हेच बरे.

मग मिळते काय? ताजे अंडे मिळते, खत मिळते. आणि अन्न जिवंत असते, त्याला वेळ, श्रम व काळजी लागते, हे मुलांना उमगते. ही मिळकत मोठी आहे. ती वहीत मांडता येत नाही म्हणून कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर काही अवघड प्रश्नही घरात येतात. न निवडलेल्या पिल्लांत सुमारे निम्मे कोंबडे निघतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे खरे. पण शेजाऱ्याची झोप मोडावयाची राहत नाही, हेही तितकेच खरे. कोंबडी सहा-आठ वर्षे जगू शकते, अंडी मात्र दुसऱ्या वर्षानंतर घटू लागतात. ज्या कोंबडीला मुलांनी नाव ठेवले, तिचे पुढे काय करावयाचे, ती शेवटी ताटात जाणार की म्हातारपणी खुराड्यात राहणार, हे पिल्लू आणण्यापूर्वीच घरात मोकळेपणी ठरले पाहिजे. कोणाचे उत्तर काय असावे हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही. मात्र उत्तर न ठरविता पिल्लू आणण्याचा अधिकारही कोणाला नाही.

अशी हौस संकटाच्या काळी उसळते, हा जगाचा अनुभव आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या कृषी खात्याने नागरिकांना परसात कोंबड्या पाळण्याचे आवाहन केले होते. २०२० च्या वसंतात, करोनाच्या टाळेबंदीत, तेथील उबवणी केंद्रांतील पिल्ले लोकांनी भराभर मागवून संपविली. त्याच सुमारास आपल्याकडे उलटे घडले. कोंबडीमुळे करोना होतो या अफवेने फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये भाव इतके कोसळले की नाशिकचे कुक्कुटपालक हवालदिल झाले. एका ठिकाणी भीतीने पिल्ले घरी नेली, दुसऱ्या ठिकाणी भीतीने ती नाकारली. दोन्हींत ज्ञानाचा वाटा अल्पच होता.

खरे भय कोठे आहे हेही आपल्या महसूल विभागाने पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिल्या बर्ड फ्लूची नोंद झाली. फार्मवरील लाखो कोंबड्यांबरोबर घराघरांतील कोंबड्याही माराव्या लागल्या. २०२१ च्या आरंभी परभणीत आणि पाठोपाठ नवापुरात तो पुन्हा आला. परसातील चार कोंबड्या सार्वजनिक आरोग्याच्या कक्षेबाहेर नसतात, हा त्याचा अर्थ. अनेक पक्षी एकाएकी मेले तर ते उकिरड्यावर न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे, पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुणे, पाच वर्षांखालील मुलांना ती तोंडाशी धरू न देणे, एवढे नियम प्रत्येक घराने पाळलेच पाहिजेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही आतड्याच्या विकाराचे साल्मोनेला जंतू असू शकतात.

करावयाचे काय?

शासनाची भूमिका या संदर्भात तपासून पाहण्यासारखी आहे. पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत लाभार्थ्याला निम्म्या अनुदानावर शंभर एकदिवसीय पिल्ले किंवा पंचवीस तलंगा व तीन नर असा गट देण्याची तरतूद आहे. यांतील दुसरा पर्याय अधिक शहाणपणाचा आहे. तलंगा आठ-दहा आठवड्यांच्या असतात; उबेचे व पहिल्या लसींचे संकट त्यांनी ओलांडलेले असते. एका दिवसाची शंभर पिल्ले नवख्या कुटुंबाच्या ओटीत घालणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास गोदावरीच्या पुरात लोटून वर पोहण्यासाठी अनुदान देण्यासारखे आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, शहरातील हौशी कुटुंबाला एका दिवसाची नव्हे, तर लस दिलेली, पिसे फुटलेली, चार ते सहा आठवड्यांची पिल्ले किंवा तलंगा पाच-सहाच्या संख्येने मिळण्याची सोय व्हावी. अशी पिल्ले वाढवून देणे हा ग्रामीण भागातील बचतगटांना चांगला जोडधंदा होऊ शकेल. ज्या बाईला खुडूक कोंबडीचे शास्त्र अवगत आहे, तिच्या ज्ञानाला त्यातून मोलही मिळेल. दुसरी, पशुवैद्यकीय दवाखान्यांनी महिन्यातील एक वार घरगुती कोंबड्यांच्या लसीकरणासाठी ठरवून जाहीर करावा. त्या दिवशी एकच कुपी वीस घरांना पुरेल. यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. एक फलक आणि एक शीतपेटी पुरे. तिसरी, रंगविलेल्या पिल्लांची रस्त्यावरील विक्री नाशिक महानगरपालिकेने व पोलिसांनी बंद पाडावी आणि १९६० च्या कायद्यातील हास्यास्पद दंड संसदेने वाढवावा.

यावर कोणी म्हणेल की, माणसांचे इतके प्रश्न पडले असताना कोंबडीच्या पिल्लाची एवढी चर्चा कशाला? शिवाय ती पिल्ले विकणारा फेरीवालाही पोटासाठीच उभा असतो. आक्षेप रास्त आहे. फेरीवाल्याचे पोट भरलेच पाहिजे. पण मरणारच असा जीव मुलाच्या हाती देऊन ते भरावे लागू नये. आणि प्रश्न पिल्लापुरता नाहीही. दुबळा जीव विकत घेता येतो, रंगविता येतो, दोन दिवस खेळविता येतो आणि मेला तर दुसरा आणता येतो, हा धडा आपण मुलांना नकळत देत असतो. त्याच मुलांना शाळेत आपण भूतदयेवर निबंध लिहावयास लावतो.

हा विरोधाभास दूर करणे शिक्षकांच्या आणि पालकांच्या हाती आहे. रस्त्यावर मुलाने हट्ट धरला तर पाकीट न उघडता त्याला एवढेच विचारावे: याला पस्तीस अंशांची ऊब कोण देणार, रात्री उठून दिवा कोण पाहणार, पाणी कोण बदलणार आणि हे मोठे झाले की राहणार कोठे? या चार प्रश्नांची उत्तरे घरातल्या सर्वांनी मिळून दिली, तर पिल्ले अवश्य आणावीत. उत्तरे मिळाली नाहीत, तर पाटीसमोरून रिकाम्या हाताने पुढे जाण्यात मुलाचे फारसे नुकसान नाही. घेणारा नसेल तर उद्या ती पाटीही तेथे राहणार नाही.